जुन्या नळीचं माप

ली-एनफिल्ड रायफलच्या नळीत सहसा पाच चर असतात. आकडा विषम, त्यामुळे एका चराच्या बरोबर समोर दुसरा चर येत नाही, कंगोरा येतो. नळीचं माप घ्यायला तिच्यातून ठोकून काढलेला शिशाचा तुकडा साध्या मायक्रोमीटरमध्ये धरला, तर मिळणारं माप खोटं असतं. १९८०च्या दशकात ओहायोतल्या आमच्या गावाबाहेर, चांदमारीच्या मैदानावर दर शनिवारी जमणाऱ्या म्हाताऱ्यांकडे यावर तोडगा होता. सोड्याचा रिकामा डबा कात्रीने कापायचा, त्याची पातळ पट्टी शिशाच्या तुकड्याभोवती घट्ट गुंडाळायची, मग मापायचं आणि पट्टीची जाडी दोनदा वजा करायची. आज माझ्या टेबलावर पाच दात्यांचे कटर मापण्यासाठी केलेला, व्ही आकाराच्या खोबणीचा डिजिटल मायक्रोमीटर आहे. तो हेच माप क्षणात दाखवतो. डब्याच्या पट्टीने काढलेल्या मापात आणि या मापात काळजी करावी असा फरक मला अजून दिसलेला नाही.

हा छंद ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दोन्ही महायुद्धांच्या काळातल्या लष्करी रायफली घ्यायच्या, म्हणजे आपली थ्री नॉट थ्री (हीच ली-एनफिल्ड), अमेरिकन स्प्रिंगफिल्ड, रशियन मोसिन, स्वीडिश माउझर. त्यांतून घरी साच्यात ओतलेल्या शिशाच्या गोळ्या झाडायच्या आणि शंभर यार्डांवरच्या कागदावर त्या एकमेकींच्या जवळ पाडायच्या. या रायफली मुळात शिशासाठी बनलेल्या नव्हत्या. थ्री नॉट थ्रीची लष्करी मार्क सेव्हन गोळी १७४ ग्रेनची, म्हणजे सव्वाअकरा ग्रॅमची. तिच्यावर कठीण धातूचं कवच आणि वेग सेकंदाला २,४४० फूट. नळी थोडी सैल असली, घसा, म्हणजे गोळी नळीत शिरते तो भाग, झिजलेला असला, तरी कवचाची गोळी निभावून नेते. उघड्या शिशाला बराच कमी वेग द्यावा लागतो आणि तरीही ते काही निभावून नेत नाही; नळीतला प्रत्येक दोष कागदावर आणून मांडतं. भारतात थ्री नॉट थ्री सामान्य परवानाधारकाला मिळत नाही, त्यामुळे हा छंद तिकडचाच. माझ्यासारखे तिकडे गेलेले काही मराठी लोक त्यात रमले, एवढाच आपला संबंध.

अगदी एवढाच नाही म्हणा. मी पुण्याचा. एनसीसीत असताना थ्री नॉट थ्री खांद्याला लावली होती. पुलथ्रूच्या दोरीला चिंदी अडकवून नळी पुसून काढणं, दस्त्याच्या पितळी झाकणाआडची तेलाची बाटली, हे सगळं हाताला माहीत होतं. ओहायोतल्या एका दुकानात, ग्रीसने बरबटलेल्या जुन्या रायफलींच्या रांगेत, कड्यावर आर.एफ.आय. असा ठसा दिसला आणि मी थांबलो. रायफल फॅक्टरी, ईशापूर. लाकडातून आरपार गेलेला तो खास हिंदुस्तानी बनावटीचा स्क्रूही जागेवर होता. शेजारच्या खोक्यात लष्कराची सुटी काडतुसं होती आणि त्यांच्या बुडावर के.एफ. ही अक्षरं. खडकीचा दारूगोळा कारखाना, १८६९ सालचा. ज्याच्या भिंतीजवळून सायकलने जात मोठा झालो, त्या कारखान्याचं पितळ मी अर्ध्या जगापलीकडे हातात धरून उभा होतो.

ती काडतुसं आमच्या कामाची नव्हती. त्यांची टोपी बर्डन पद्धतीची, तळाला दोन बारीक भोकं; रिकामं पितळ पुन्हा भरणं जिकिरीचं. शिवाय टोपीतल्या क्षारांनी नळी गंजायची, म्हणून झाडल्यावर लगेच पाण्याने धुवावी लागे. मी एक खोकं घेतलं ते जपून ठेवायला.

त्या दिवसांत रायफली स्वस्त होत्या, आणि माझ्या मते या छंदाचा पाया तोच होता. १९६८च्या कायद्यापर्यंत अमेरिकेत त्या टपालाने घरी येत. त्या कायद्याने परदेशी लष्करी मालाची आयात थांबली, १९८४मध्ये जुन्या संग्राह्य शस्त्रांसाठी ती पुन्हा मोकळी झाली, आणि सोव्हिएत संघ कोसळल्यावर मोसिन तर पेट्यांनी यायला लागल्या. नव्वदच्या दशकात शंभर डॉलरच्या आत रायफल मिळायची. गिरणीतला कामगार, शाळेतला शिक्षक, नोकरीला नुकताच लागलेला माझ्यासारखा इंजिनिअर, कोणालाही एखादी घेऊन तिच्या मागे लागता येत होतं. आज तीच मोसिन काही शे डॉलरला जाते आणि न कापलेल्या, मूळ लाकडाच्या ली-एनफिल्डसाठी संग्राहक रांगेत असतात. तरुण मुलगा हातात घेऊन शिकेल अशी रायफल आता काचेच्या कपाटात गेली आहे. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

चांदमारीच्या त्या मैदानावरच्या बाकावर दर शनिवारी एक निवृत्त टूलमेकर बसायचे. युद्धात ते पॅसिफिकमध्ये होते. कोणी कागद घेऊन आला, गोळ्या ताटभर पसरलेल्या, काही तर आडव्या होऊन कागद फाडत गेलेल्या, की ते आधी गोळीबद्दल काहीच विचारत नसत. रायफल हातात घेत आणि नळीच्या तोंडापासून सुरुवात करत. पुलथ्रूची दोरी वर्षानुवर्षं तिरकी ओढली की तोंडाची एक बाजू झिजते. एनसीसीत आम्ही ती कशीही ओढायचो, कोणी टोकलं नव्हतं. पोलादी गज तोंडाकडून घालून साफ केलेल्या रायफलींचंही तेच. गोळी नळीतून सुटते त्या शेवटच्या क्षणी एका बाजूने वायू आधी निसटला की गोळी कलंडते, मग बाकी सगळं कितीही नीट असो. ते एक गोळी उलट, नाकाच्या बाजूने तोंडात बसवून बघत. ती जितकी खोल जाईल तितकी झीज जास्त. उपायही साधा होता. गोल डोक्याचा पितळी स्क्रू हाताच्या ड्रिलमध्ये धरायचा, त्याला घासायची पेस्ट लावायची आणि सगळ्या दिशांनी डोलवत फिरवायचा. कडा पुन्हा सारखी होते. फार झीज असेल तर तोंड आतून रुंद करून घ्यायचं. सोव्हिएत डेपोंनी कितीतरी मोसिनवर हे केलेलं आहे.

तोंडानंतर लाकूड. नंबर चार ली-एनफिल्डचं पुढचं लाकूड तोंडाशी नळीला खालून दोन ते सात पौंडांनी वर रेटत असावं, अशी त्या रायफलची रचना. ओहायोच्या हिवाळ्यात घरातली हवा हीटरने इतकी कोरडी होते की लाकूड आकसतं, आणि तो दाब कमी होतो किंवा पार नाहीसा होतो. मग एकाच रायफलच्या उन्हाळ्यातल्या आणि हिवाळ्यातल्या गोळ्या वेगळ्या जागी पडतात आणि मालक बिचारा गोळीच्या मिश्रणात दोष शोधत बसतो. शिकारीला हलकी व्हावी म्हणून ज्यांचं लाकूड करवतीने कापलं, त्या रायफलींचा तर हा आधारच गेला. साठच्या दशकात अशा हजारो रायफली कापल्या गेल्या.

मग तांबं. कवचाच्या गोळ्या पन्नास वर्षं झाडलेल्या नळीत तांब्याचा थर असतोच, आणि त्या थरावर शिसं पकडून बसतं. अमोनियाचं द्रावण लावून रात्रभर ठेवायचं, सकाळी चिंदी घालायची. ती निळी निघते. निळी निघायची थांबेपर्यंत हे रोज. त्या काळी घाई कोणालाच नव्हती. चिंदी पांढरी निघाल्याशिवाय टूलमेकर शिशाची एकही गोळी झाडू देत नसत, आणि अर्ध्याअधिक तक्रारी तिथेच संपत.

एवढं झाल्यावर नळीचं माप. शिशाची गोळी चरांच्या व्यासापेक्षा इंचाच्या एक-दोन हजारांश भागाने मोठी हवी, हा या छंदातला पहिला नियम. थ्री नॉट थ्रीच्या नळ्या युद्धाच्या धांदलीत बनलेल्या; कागदोपत्री एक माप आणि प्रत्यक्षात कोणतंही. एखादी ०.३११ इंचाची निघे, एखादी ०.३१६ची. अमेरिकेत आणि कॅनडात बनलेल्या काहींना तर दोनच चर आहेत. लोक त्यांना नाकं मुरडत, पण शिशाला त्या नळ्या मानवतात, कारण त्यांचे रुंद कंगोरे गोळीच्या नाकाला सरळ धरून ठेवतात. गोळी बारीक पडली तर तिच्या कडेने तप्त वायू सुसाट पुढे जातो, शिसं वितळवतो आणि नळीला चिकटवतो. शिसं कुठे चिकटलंय यावरूनही निदान होतं. घशाजवळ असेल तर गोळी बारीक किंवा घसा खडबडीत. तोंडाजवळ असेल तर वंगण वाटेत संपलं.

घशाचं माप आणखी अवघड. कॉर्डाइट ही जुनी ब्रिटिश दारू फार उष्ण जळते, तिने नळीचा घसा खाल्लेला असतो. त्यासाठी सेरोसेफ नावाचा बिस्मथचा मिश्रधातू वापरत आणि अजूनही वापरतात. तो सत्तर ते अठ्ठ्याऐंशी अंश सेल्सिअसच्या दरम्यान, म्हणजे पाणी उकळायच्याही आत वितळतो. नळीच्या मागून ओतायचा, गोठला की बाहेर काढायचा आणि तासाभराने मापायचा. आधी तो आकसतो, मग फुगत जातो, आणि साधारण तासाने त्याचं माप घशाच्या खऱ्या मापाशी जुळतं. तो तास आम्ही कॉफी पीत गप्पा मारण्यात घालवायचो. या छंदाबद्दल मला जे काही कळलं त्यातलं बरंचसं त्या तासांत कळलं.

गोळीची पाळी शेवटी यायची, आणि तिथेही टूलमेकर आधी बूड बघत. मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रँकलिन मान या डॉक्टरने १९०९मध्ये गोळीच्या उड्डाणावर एक मोठं पुस्तक लिहिलं. त्यासाठी त्याने वर्षानुवर्षं मुद्दाम बिघडवलेल्या गोळ्या झाडल्या होत्या. नाक ठेचलेली गोळी जवळजवळ नेमावर जाते, बुडाची कड दुखावलेली गोळी मात्र भरकटते, हे त्याने दाखवलं. म्हणून बाकावर ओतीव गोळ्यांचा ढीग पडला की प्रत्येकीचं बूड उजेडात फिरवून बघायचं आणि कड गोल असली की परत भांड्यात टाकायची. नाकावर सुरकुती असली तरी चालेल. बुडाला तांब्याची छोटी टोपी बसवायची युक्तीही त्याच काळातली, न्यू हेवनच्या आयडियल कंपनीच्या जॉन बार्लोची. वंगणासाठी मधमाशांचं मेण आणि ॲलॉक्स समसमान. हे मिश्रण रूढ केलं कर्नल हॅरिसन यांनी, अमेरिकन रायफल संघटनेच्या मासिकातल्या आपल्या लेखांमधून. मेण वितळलं की गॅरेजभर वास सुटायचा.

आणि शिसं. इथे मला जरा थांबायचंय, कारण माझे वडील पुण्यात एका छापखान्यात कंपोझिटर होते. झिजलेले खिळे पोत्यात भरून वितळवायला परत जात, हे लहानपणी रोज बघितलेलं. अमेरिकेत मी गेलो तेव्हा गावोगावच्या छोट्या वर्तमानपत्रांची लायनोटाइप यंत्रं बंद पडत होती. त्यांच्या ओळींची लगड भंगारात निघे आणि आमच्या बाकावरचे लोक ती मातीमोलाने उचलत. शंभरात ८४ भाग शिसं, १२ अँटिमनी, ४ कथील. अक्षरं रेखीव उठावीत म्हणून केलेलं हे मिश्रण साच्यात काठोकाठ भरतं आणि गोठताना फार आकसत नाही. कडकपणा ब्रिनेलच्या मापात २२च्या आसपास. शुद्ध शिशाचा पाच. भांड्यात टाकण्याआधी त्या लगडीवरचा मजकूर उलटा वाचता यायचा. कोणाच्या लग्नाची बातमी, बेसबॉलचा निकाल, मृत्यूची चौकट. उलटं वाचायची सवय मला घरूनच होती, त्यामुळे बाकावरचे लोक एकेक लगड माझ्यापुढे धरत आणि मी वाचून दाखवायचो.

नव्वदच्या दशकात लायनोटाइपची लगड संपत आली आणि अनेकांच्या रायफली एकाएकी बिघडल्या. साचा तोच, दारू तीच, नळी तीच, पण गोळ्यांचा पुंजका फुटला. नळीला दोष देणारे होते, डोळ्यांना चाळशी लागली म्हणणारेही होते. कारण होतं शिसं. त्यांनी आता गाड्यांच्या चाकांना समतोलासाठी लावतात त्या वजनांचं शिसं वापरायला घेतलं होतं. त्यात अँटिमनी कमी, म्हणून ते गोठताना जास्त आकसतं, आणि त्याच साच्यातून गोळी इंचाच्या एक-दोन हजारांशाने बारीक पडते. ज्याची गोळी आधीच काठावर होती, त्याची आता घसरली. पण गोळी मऊ झाली म्हणून हे झालं असं ठरवून लोक तिला कडक करण्याच्या मागे लागले. साच्यातून निघालेली तप्त गोळी थेट पाण्यात टाकली की ती कडक होते, हे खरं. पण कडक झालेली बारीक गोळी बारीकच राहते, उलट दाबाखाली पसरून चर भरायची तिची क्षमता जाते. जितकं कडक तितकं चांगलं, हा समज पुढे बरीच वर्षं टिकला. आता तो बहुतेक मोडला आहे. आजची पिढी या बाबतीत आमच्या बाकापेक्षा शहाणी आहे.

आजची साधनं बघितली की टूलमेकरांना ती किती आवडली असती असं वाटतं. गोळीचा वेग मोजायला पूर्वी प्रकाशाचे पडदे नळीसमोर मांडावे लागत, ऊन-सावली बदलली की ते चुकत, आणि एखादा त्यांनाच गोळी घालून मोकळा होई. आता हाताएवढं रडार बाकावर ठेवलं की झालं. नळीच्या आत बघायचा कॅमेरा तेव्हा प्रयोगशाळेतला होता, आज तो फोनला जोडता येतो. मात्र त्या कॅमेऱ्याने नवख्यांना घाबरवलंही आहे. ऐंशी वर्षांची नळी आतून मोठी करून बघितली तर ती भयानकच दिसते: खड्डे, भेगा, कोरलेले चट्टे. अशा नळ्या फेकून देणारे मी बघतो आणि कळवळतो, कारण त्यांतल्या कितीतरी उत्तम चालतात. नळी दिसते कशी याला महत्त्व नाही. चर टोकापर्यंत एकसारखे आहेत का आणि तोंड धड आहे का, एवढंच बघायचं.

साच्यांचं सुख आमच्या वाट्याला नव्हतं. लायमन कंपनीने १९२५मध्ये आयडियल विकत घेतल्यापासून त्यांच्या यादीत जी मापं होती, बहुतेक वेळा त्यांतूनच निवडावं लागे. नळी मोठी असली तर साच्याच्या दोन फाळक्यांमध्ये उष्णतेत टिकणारी पातळ धातूची टेप लावून गोळी थोडी जाड करत. आज नळीचं माप कळवलं की संगणकावर चालणारं यंत्र तेवढ्याच मापाचा साचा कोरून देतं, दोन हजारांश कमी-जास्तही. शिवाय मेणाऐवजी रंगाची पूड आली आहे. गोळ्या पुडीत घोळवायच्या आणि साधारण दोनशे अंशांवर वीस मिनिटं भाजायच्या. लाल, निळ्या, हिरव्या गोळ्या. या लेपाने गोळी जाड होते, नळीला शिसं लागत नाही, धूर नाही, हात चिकट नाहीत. मला मेणाचा वास अजून आवडतो, तरी स्वतः मी आता बहुतेक वेळा पूडच वापरतो.

शिसं मात्र दुर्मीळ झालं. कॅलिफोर्नियाने २०१०पासून चाकांच्या शिशाच्या वजनांवर बंदी आणली, आणखी काही राज्यांनीही आणली, आणि आता भंगाराच्या बादलीत जस्त आणि पोलाद जास्त सापडतं. जस्त भांड्यात विरघळलं की सगळा ओत बिघडतो, गोळी साच्यात नीट भरतच नाही. शिसं ३२७ अंशांना वितळतं, जस्त ४२०ला. त्यामुळे भांडं चारशेच्या आत ठेवलं तर जस्ताचे तुकडे वर तरंगतात आणि झाऱ्याने काढता येतात. बंदी योग्यच होती. रस्त्यावर गळून पडलेली ती वजनं घासून पावसात वाहून जात. आमच्या बाकावर लोक एका हातात सिगरेट आणि दुसऱ्या हातात पळी धरून, बंद गॅरेजमध्ये शिसं ओतत. माझ्या वडिलांच्या छापखान्यातही कोणी हात धुतल्याशिवाय डब्याला बसू नये असा नियम नव्हता. आज माझ्याकडे शिकायला येणाऱ्याला मी आधी दार उघडं ठेवायला, ओतताना काही न खायला आणि वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासून घ्यायला सांगतो. हे झाल्याशिवाय भांडं तापत नाही.

त्या बाकाची जागा मात्र कशानेच भरलेली नाही. १९७६मध्ये सुरू झालेल्या कास्ट बुलेट असोसिएशनच्या स्पर्धा अजून होतात, त्यांत जुन्या लष्करी रायफलींचा वेगळा गट असतो, तिथे जुने चेहरे भेटतात. पण रोजचं शिकणं आता एकट्याने होतं. प्रश्न विचारला की क्षणात वीस उत्तरं येतात, प्रत्येक उत्तर कोणाच्या तरी रायफलपुरतं खरं असतं, आणि विचारणारा त्यांतले पाच उपाय एकदम करून बघतो. पुंजका सुधारला तरी कशाने सुधारला ते त्याला कळत नाही. बिघडला तरी कळत नाही. टूलमेकर एका शनिवारी एकच गोष्ट बदलू देत. दारू बदलायची असेल तर गोळी जुनीच, आणि भरण्याचं प्रमाण छापील तक्त्यातलंच, अंदाजाने कधीच नाही.

क्लीव्हलंडमधल्या मंडळाच्या गणपतीत भेटलेला एक तरुण सध्या माझ्याकडे येतो. नागपूरचा, संगणकातला. त्याने भारी किंमत देऊन १९४३ची मोसिन घेतली, बाजारात मिळणाऱ्या ०.३०९च्या ओतीव गोळ्या आणल्या आणि महिनाभर वैतागला. "काका, शंभर यार्डांवर कागदच सापडत नाही. सापडतो तेव्हा गोळी आडवी गेलेली असते." त्याने नवी दुर्बीण मागवायची तयारी केली होती. आम्ही ती थांबवली. नळीला चारच चर, त्यामुळे साध्या मायक्रोमीटरनेच माप निघालं: ०.३१४ भरलं. तोंड डेपोत आतून रुंद केलेलं आहे आणि व्यवस्थित आहे. चिंदी अजून निळी निघते आहे, म्हणून अमोनिया चालू ठेवायला सांगितलं. साचा ०.३१६चा मागवलाय, बूड सपाट, टोपीसह, वजनाने दोनशे ग्रेन. तो यायला अजून काही आठवडे आहेत. तोवर त्याने माझ्याकडून मऊ शिशाच्या दोन विटा नेल्या आहेत आणि त्यांत किती कथील घालायचं हे विचारायला तो शनिवारी सकाळी येणार आहे.